टीएमटी निगेटिव्ह, तरी चढावर घसा आवळतोच: एका स्ट्रेस इकोचं प्रकरण

एका काकूंच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, "टीएमटी निगेटिव्ह", म्हणजे पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालवून ईसीजी बघायच्या टेस्टमध्ये दोष दिसला नाही. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं, जास्तीत जास्त ठोके ११२. या दोन ओळी एकत्र वाचल्या तर पहिली ओळ टिकत नाही, आणि हे सगळं प्रकरण मुळात तेवढ्यावरच उभं आहे. पण ते नीट समजायला पेशंट कोण, तक्रार काय, टेस्ट कशी झाली हे सगळं बघावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

काकूंचं वय ६१. बीपी बऱ्याच वर्षांपासून, शुगर त्यानंतर लागलेली, दोन्हीची औषधं नियमित. सिगारेट तंबाखू काही नाही. तक्रार अशी की सपाट रस्त्यावर कितीही चाललं तरी काही होत नाही, पण चढ आला किंवा दोन मजले भराभर चढले की घसा आतून आवळल्यासारखा होतो, कधी कधी जबड्यापर्यंत जातं, थोडा दम लागतो, आणि थांबलं की तीनचार मिनिटांत सगळं गायब. छातीत दुखतं का असं विचारलं की त्या ठामपणे नाही म्हणायच्या, आणि त्यामुळेच बरेच दिवस हे अ‍ॅसिडिटीच्या खात्यात जमा होत राहिलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा पुरावा हाच होता, कुठल्याही मशीनच्या आधीचा. श्रम केले की येतं, थांबलं की जातं, दर वेळी तसंच. अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारा त्रास, तो छातीतच व्हायला पाहिजे असं काही नाही, घसा, जबडा, खांदा, हात, पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये, कुठेही येऊ शकतं, आणि बायकांमध्ये आणि डायबेटिसवाल्यांमध्ये तर नुसता दम लागणं एवढंच असू शकतं. जागा बदलते, पण श्रमाशी असलेलं नातं सहसा बदलत नाही, ते विचारायचं.

बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल, साधा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल, पंपिंग ६० टक्के. याचाही घरच्यांना फार आधार वाटला होता. पण रेस्टिंग ईसीजी आणि रेस्टिंग इको नॉर्मल असण्याचा अर्थ एवढाच की आधी मोठा अटॅक येऊन गेल्याची खूण दिसत नाही आणि आत्ता, या क्षणाला, स्नायूला रक्त कमी पडत नाहीये. ब्लॉकेज आहे की नाही याबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

हे का होतं ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. हृदयाचा स्नायू आरामात असतानाही रक्तातला बहुतेक ऑक्सिजन, साधारण ७० टक्क्यांच्या वर, काढून घेत असतो. पायाच्या स्नायूला गरज वाढली की तो त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढू शकतो, हृदयाला ती सोय जवळजवळ नाहीच, त्याला जास्त ऑक्सिजन पाहिजे तर जास्त रक्तच यायला पाहिजे. चांगल्या नळ्यांमध्ये हा प्रवाह गरजेनुसार चार पाच पट वाढू शकतो. आता नळी अरुंद झाली की काय होतं, तर आरामातला प्रवाह बराच काळ टिकून राहतो, कारण पुढच्या बारीक नळ्या स्वतः रुंद होऊन भरपाई करतात, ८५-९० टक्के अरुंद होईपर्यंत आरामात काहीच कळत नाही अशी स्थिती असू शकते. पण जास्तीत जास्त प्रवाह मात्र ५० टक्क्यांच्या आसपासच कमी व्हायला लागतो. म्हणजे जी तूट आहे ती राखीव साठ्यात आहे, आणि साठा कमी आहे हे तो वापरायला लावल्याशिवाय कळणार नाही. त्यात भर म्हणजे डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा, आणि ठोके वाढले की नेमका तोच वेळ कमी होतो. एकीकडे मागणी वाढते, दुसरीकडे पुरवठ्याचा वेळ घटतो. व्यायाम देऊन तपासण्यामागचा विचार हा आहे.

मग काकूंच्या पहिल्या टीएमटीत हृदयाला किती काम पडलं? वय ६१ म्हणजे २२० वजा ६१, १५९, त्याचे ८५ टक्के म्हणजे १३५. एवढे ठोके निदान व्हायला हवेत अशी नेहमीची अट. झाले ११२, म्हणजे ७० टक्के. ब्रूस प्रोटोकॉलवर, म्हणजे दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत न्यायच्या पद्धतीने, त्या ५ मिनिटं ४० सेकंद चालल्या, म्हणजे दुसरी स्टेज जवळजवळ पूर्ण केली, पाय दुखतात म्हणून थांबल्या. वरचं बीपी १५० पर्यंत गेलं होतं. ठोके आणि वरचं बीपी यांचा गुणाकार करतात, त्याला डबल प्रॉडक्ट म्हणतात, हृदयाच्या स्नायूला किती ऑक्सिजन लागला असेल याचा तो अंदाज असतो. ११२ गुणिले १५० म्हणजे १६,८००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि मुख्य म्हणजे पट्ट्यावर घसा आवळला का असं विचारलं तर काकू म्हणाल्या, नाही, तिथे काहीच झालं नाही. ज्या तक्रारीसाठी टेस्ट केली ती तक्रारच आली नाही, तर टेस्टने नेमकं काय नाकारलं?

ठोके वाढले नाहीत याचं कारण त्यांच्या औषधांच्या यादीतच होतं. बीपीसाठी रोज मेटोप्रोलॉल चालू होती, आणि त्या दिवशी सकाळी पण घेतली होती, कारण थांबवा असं कुणी सांगितलंच नव्हतं. बीटा ब्लॉकरचं कामच आहे ठोके आणि बीपी फार वाढू न देणं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडू नये म्हणून जे औषध देतात तेच पोटात असताना रक्त कमी पडतंय का हे शोधलं गेलं. अशा रिपोर्टवर "अनिर्णित" असं लिहायला पाहिजे, किंवा निदान "एवढ्या ठोक्यांपर्यंत इस्किमिया (स्नायूला रक्त कमी पडणं) दिसला नाही" असं तरी. निगेटिव्ह हा शब्द तिथे नको होता, कारण तो शब्द एकदा फाईलमध्ये लागला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच वाचतो.

इथे थोडं गणित करू. समजा काकूंसारखी तक्रार, वय आणि शुगर बीपी असलेली १०० माणसं आहेत आणि त्यातल्या ४० जणांना खरंच महत्त्वाचं ब्लॉकेज आहे असं धरू. साध्या ईसीजीवाल्या ट्रेडमिल टेस्टची संवेदनशीलता (आजारी माणसांतले किती पकडले जातात) साधारण ६८ टक्के आणि विशिष्टता (निरोग्यांतले किती बरोबर निगेटिव्ह येतात) ७७ टक्के धरतात. म्हणजे ४० मधले २७ पकडले जातील आणि १३ सुटतील. उरलेल्या ६० निरोग्यांपैकी ४६ बरोबर निगेटिव्ह येतील. एकूण निगेटिव्ह झाले ५९, त्यात १३ आजारी. म्हणजे टेस्ट पूर्ण जोर लावून नीट केली तरी निगेटिव्ह आलेल्या दर पाचातल्या एकापेक्षा थोड्या जास्त माणसांना आजार असूच शकतो. आणि इथे तर जोर पुरता लागलाच नव्हता, तेव्हा सुटणारे अजून जास्त. हेच गणित तरुण, तक्रार विचित्र, रिस्क काही नाही अशा माणसावर करा, १०० मध्ये ५ आजारी धरा, तर निगेटिव्ह रिपोर्ट फार चांगला दिलासा देतो. रिपोर्ट तोच, अर्थ वेगळा, कारण टेस्टच्या आधीची शक्यता वेगळी. १९७९ मध्ये डायमंड आणि फॉरेस्टर यांनी वय, लिंग आणि तक्रारीचं स्वरूप यावरून ही आधीची शक्यता मांडून दाखवली. त्यांचे आकडे आजच्या लोकांसाठी जास्त भरतात म्हणून आता सुधारलेत, पण विचार तोच वापरतात.

मग पुढे काय करायचं यावर तीन पर्याय समोर होते, स्ट्रेस इको (व्यायामाआधी आणि व्यायामानंतर लगेच इको), न्यूक्लिअर स्कॅन किंवा थेट सीटी अँजिओ (सीटी स्कॅनने हृदयाच्या नळ्यांचं चित्र). तिन्ही चालले असते. आम्ही स्ट्रेस इको निवडला, कारण काकूंना चालता येत होतं, इकोच्या खिडक्या चांगल्या होत्या म्हणजे भिंती स्वच्छ दिसत होत्या, आणि आम्हाला नळीचं चित्र बघण्याआधी हे बघायचं होतं की घसा आवळतो त्या क्षणी हृदयात खरंच काही होतंय का. न्यूक्लिअरची एक मोठी सोय मात्र मान्य करायला पाहिजे. तिथे व्यायामाच्या शिखरावर टेक्निशियमचं इंजेक्शन देतात, पेशंट अजून मिनिटभर चालतो, औषध त्या क्षणीच्या रक्तप्रवाहानुसार स्नायूत जाऊन बसतं आणि तिथेच राहतं, फोटो अर्ध्या तासाने काढले तरी दिसतं ते शिखरावरचंच. घाई नाही. इकोमध्ये ही चैन नाही, तिथे जे बघायचं ते विरून जायच्या आत बघावं लागतं. त्या बदल्यात रेडिएशन नाही, आणि झडपा, प्रेशर, पंपिंग सगळं त्याच बैठकीत दिसतं.

मेटोप्रोलॉल ४८ तास आधी बंद ठेवली. हे लिहिताना एक गोष्ट कळकळीने सांगतो, बीटा ब्लॉकर आपल्या मनाने कधीही अचानक बंद करायची नाही, एकदम सोडली की ठोके आणि बीपी उसळू शकतात आणि ज्याला आधीच ब्लॉकेज आहे त्याला त्रास होऊ शकतो. इथे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून, दोन दिवस घरी बीपी बघत, जास्त श्रम टाळायला सांगून आणि आरामात त्रास झाला तर लगेच या असं बजावून थांबवली होती. जिथे आजार आधीच माहीत आहे आणि औषधं कितपत पुरतात एवढंच बघायचंय तिथे औषध चालू ठेवूनच टेस्ट करतात, पण इथे प्रश्न आजार आहे की नाही हा होता.

टेस्टच्या दिवशी आधी डाव्या कुशीवर झोपवून आरामातले चार व्ह्यू घेतले, पॅरास्टर्नल लाँग, शॉर्ट, एपिकल फोर चेंबर आणि टू चेंबर. सोनोग्राफरने प्रोबची जागा कातडीवर पेनाने खूण करून ठेवली, ईसीजीचे एक दोन इलेक्ट्रोड थोडे सरकवले म्हणजे प्रोबला जागा राहील, आणि मग काकूंकडून रंगीत तालीम करून घेतली. पट्ट्यावरून उतरायचं, दोन पावलं, पलंग, डावी कूस, डावा हात डोक्याखाली. दोनदा करून घेतली. बाहेरच्या माणसाला हे फार किरकोळ वाटेल, पण सगळी टेस्ट या तालमीवर अवलंबून असते, कारण व्यायाम थांबल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत सगळी चित्रं मिळाली पाहिजेत. साध्या टीएमटीत शेवटी हळूहळू चालवत थंड करतात, इथे ते करत नाहीत, पट्टा थांबला की थेट पलंग. काकूंना हे आधीच समजावलं होतं, नाहीतर दमलेला माणूस साहजिकच दोन मिनिटं उभं राहून श्वास घेतो आणि तिथेच टेस्ट वाया जाते.

काकूंना मी एवढंच म्हटलं, "काकू, आज तुम्हाला तो घसा आवळणारा त्रास झाला तर घाबरू नका, आम्ही सगळे इथेच आहोत, पण लपवू पण नका, लगेच सांगा." त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी पाय दुखले म्हणून थांबले, आज नाही थांबणार." आणि खरंच नाही थांबल्या.

पहिली स्टेज ताशी २.७ किलोमीटर, चढ १० टक्के. दुसरी ताशी ४, चढ १२ टक्के. तिसरीला, म्हणजे ६ मिनिटांनंतर, पट्टा ताशी ५.५ आणि चढ १४ टक्के होतो, आणि तिथे शिरता शिरताच त्यांनी गळ्याकडे हात नेला. "तेच. तस्सं." ठोके १३५ च्या जवळ होते. खूप ठिकाणी १३५ झाले की बटण दाबून टेस्ट थांबवतात, ते मला पटत नाही. ८५ टक्के हा निदान एवढं तरी व्हावं असा आकडा आहे, तिथे थांबायचंच असा नियम नाही, पेशंट सुरक्षित असेल तर त्रासाने किंवा दमाने थांबेपर्यंत न्यायचं असतं. बीपी पडत नव्हतं, ठोक्यांची लय नीट होती, ईसीजीत धोक्याचं काही नव्हतं, त्रास सहन होण्याएवढा होता, म्हणून अजून थोडं चालू दिलं. ६ मिनिटं ५० सेकंदांना घसा जास्त आवळला, दम लागला, थांबवलं. ठोके १४१, म्हणजे ८९ टक्के. बीपी १७८ वर ८४. गुणाकार २५,०९८. मागच्या वेळचे १६,८०० आठवा. चाललेल्या वेळात फरक जेमतेम ७० सेकंदांचा, पण हृदयाला पडलेलं काम जवळजवळ दीडपट.

ईसीजीत छातीवरच्या व्ही५ आणि व्ही६ या जागांच्या आलेखात एसटी (रेषेचा जो भाग रक्त कमी पडलं की खाली जातो तो) एक मिलिमीटर खाली गेली होती, पण ती वर चढत जाणारी, ज्याला अपस्लोपिंग म्हणतात. असा बदल निदान म्हणून धरत नाहीत. म्हणजे पूर्ण जोर लावून केलेल्या या दुसऱ्या टेस्टमध्येही फक्त ईसीजी बघितला असता तर रिपोर्ट फार तर "संशयास्पद" आला असता.

पलंगावर आल्या, सोनोग्राफरने आधी एपिकल व्ह्यू पकडले, कारण शेंड्याकडचा भाग आणि बहुतेक भिंती त्यातच मिळतात, "श्वास सोडा, तसंच थांबा" असं म्हणत म्हणत. धापा टाकणाऱ्या माणसाला श्वास सोडून थांब म्हणणं अवघड असतं, फुगलेलं फुप्फुस मध्ये आलं की चित्र जातं, म्हणून दोन दोन ठोक्यांपुरतं का होईना मिळवत जायचं. शेवटचा व्ह्यू ५५ व्या सेकंदाला पूर्ण झाला, तोपर्यंत ठोके १२० च्या आसपास आले होते.

मग आरामातलं आणि व्यायामानंतरचं चित्र शेजारी शेजारी लावून बघितलं. व्यायामानंतर नॉर्मल हृदय जास्त जोरात आवळतं, सगळ्या भिंती आतल्या बाजूला जाड होत येतात आणि आतली पोकळी आधीपेक्षा लहान दिसते. इथे मागची, खालची आणि बाजूची भिंत अगदी तशीच, जोरात. पण समोरच्या भिंतीचा मधला भाग, पडद्याचा (डाव्या आणि उजव्या कप्प्यांमधल्या भिंतीचा) समोरचा मधला भाग, आणि शेंड्याकडची समोरची आणि पडद्याची बाजू, हे चार सेगमेंट, म्हणजे भिंतीचे तुकडे, मंद, आणि शेंडा जवळजवळ स्थिर. पोकळी लहान झाली नाही. पंपिंग ६० वरून वाढायच्या ऐवजी ५० च्या आसपास आलं. इथे एक बारकावा, भिंत हलते की नाही यापेक्षा ती जाड होते की नाही हे बघायचं, कारण शेजारचा निरोगी भाग आजारी भागाला ओढून हलवू शकतो, जाड मात्र करू शकत नाही.

हृदयाच्या डाव्या कप्प्याचे १७ सेगमेंट धरतात, नॉर्मलला १, मंदला २, स्थिरला ३ गुण. आरामात सगळे १, म्हणजे इंडेक्स १. व्यायामानंतर बारा नॉर्मल, चार मंद, एक स्थिर, बेरीज २३, भागिले १७ म्हणजे १.३५. आकड्यापेक्षा मला नकाशा महत्त्वाचा वाटतो. हे पाचही सेगमेंट एकाच नळीच्या, एलएडीच्या (हृदयाच्या समोरच्या बाजूने उतरणाऱ्या डाव्या नळीच्या), हद्दीत येतात, आणि त्याच नळीच्या वरच्या भागाकडून रक्त घेणारे तळाचे सेगमेंट नॉर्मल होते, म्हणजे अडथळा नळीच्या अगदी सुरुवातीला नसून थोडा पुढे असावा असा अंदाज बांधता येतो. ईसीजीत व्यायामाने एसटी खाली गेली तर कुठल्या नळीचा दोष हे त्यावरून सांगता येत नाही, इकोत ते बऱ्यापैकी सांगता येतं.

चौथ्या मिनिटाला परत प्रोब ठेवला. सगळं नॉर्मल. घसाही मोकळा. ही मिनिटं गेली असती तर आपण एक उत्तम, स्वच्छ, नॉर्मल इको रेकॉर्ड केला असता, आणि रिपोर्टवर परत निगेटिव्ह लागलं असतं. म्हणून स्ट्रेस इकोच्या रिपोर्टवर कुठले ठोके गाठले याच्या शेजारी चित्रं किती सेकंदांत घेतली आणि त्या वेळी ठोके किती होते हे लिहिलेलं असावं असं माझं ठाम मत आहे.

भिंत मंद झाली आणि ईसीजी जवळपास गप्प राहिला, हे विचित्र नाही. रक्त कमी पडलं की गोष्टी एका क्रमाने होतात. आधी प्रवाहात फरक पडतो, मग स्नायू सैल पडायला कुरकुर करतो, मग आवळणं मंदावतं, मग ईसीजी बदलतो, आणि सगळ्यात शेवटी माणसाला दुखतं. दर वेळी अगदी याच ओळीत होतं असं नाही, काकूंचा त्रास ईसीजीच्या आधी बोलला, पण साधारण दिशा ही आहे, आणि त्यामुळे ईसीजीपेक्षा चित्र जास्त आजार पकडतं. नळी बांधली की त्या भागाचा स्नायू काही क्षणांतच आवळायचा थांबतो हे टेनंट आणि विगर्स यांनी १९३५ मध्येच प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं. चित्रात ते बघायची सोय बऱ्याच नंतर आली, एडलर आणि हर्ट्झ यांनी स्वीडनमध्ये १९५३ मध्ये हृदयावर अल्ट्रासाऊंड वापरला तिथून सुरुवात, आणि व्यायामानंतरचा टू डी इको १९७० च्या दशकाच्या शेवटी.

अर्थात इको पण फसतो. बीपी व्यायामात फारच वर गेलं तर ब्लॉकेज नसतानाही भिंती मंद दिसू शकतात, काकूंचं १७८ होतं म्हणून ती शंका फार नव्हती. खालच्या भिंतीचा तळाकडचा भाग एकटाच मंद दिसला तर मी दहादा विचार करतो. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेतला अडथळा) असेल, पेसमेकर असेल, बायपास झालेली असेल तर पडदा मुळातच वेगळा हलतो. उलट बाजूने, एकाच नळीत मध्यम ब्लॉकेज असेल, किंवा सर्कम्फ्लेक्स (डावीकडून मागे वळणाऱ्या) नळीचा आजार असेल, तर सुटू शकतो. इथे पाच लागून असलेले सेगमेंट, एकाच नळीचे, तक्रारीच्याच वेळी, आणि चार मिनिटांत परत नॉर्मल, एवढं सगळं जुळल्यावर शंकेला फार जागा उरली नव्हती.

रिपोर्ट ऐकून मुलीचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता लगेच अँजिओप्लास्टी?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि त्याला घाईत हो म्हणणं सोपं असतं. पण त्रास स्थिर आहे, फक्त जास्त श्रमाला येतो, आरामात येत नाही, पंपिंग चांगलं आहे, अशा माणसांसाठी आपल्याकडे मोठा पुरावा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्किमिया ट्रायलमध्ये ५१७९ पेशंट होते, सगळ्यांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम किंवा जास्त इस्किमिया. निम्म्यांची आधीच अँजिओ करून गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. साधारण सव्वातीन वर्षांच्या मध्यक कालावधीत अटॅक आणि मृत्यू यात आधी अँजिओ करणाऱ्यांचा स्पष्ट फायदा दिसला नाही. त्रास कमी होण्यात मात्र फायदा दिसला, विशेषतः ज्यांना वारंवार अंजायना होता त्यांना. पण त्या ट्रायलमध्ये लेफ्ट मेन नळीचा, म्हणजे एलएडी जिच्यातून निघते त्या डाव्या मुख्य नळीचा, मोठा आजार असलेले घेतले नव्हते, बहुतेकांची आधी सीटी करून ते तपासलं होतं. म्हणजे औषधांवर थांबायचं तर लेफ्ट मेन मोकळी आहे हे आधी बघणं रास्त.

म्हणून काकूंची क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, बघून सीटी अँजिओ केली. गंमत बघा, सीटीसाठी ठोके कमी लागतात, म्हणून तिथे तीच मेटोप्रोलॉल परत सुरू केली. लेफ्ट मेन मोकळी. एलएडीत पहिल्या डायगोनल फांदीनंतर ७० ते ८० टक्के अरुंद. बाकी दोन नळ्यांत किरकोळ. इकोने जो अंदाज दिला होता त्याच्या जवळच.

मग काकू, मुलगी आणि त्यांचे डॉक्टर यांनी बसून ठरवलं की आधी औषधं नीट देऊन बघू. अ‍ॅस्पिरिन, जास्त डोसची स्टॅटिन, आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) निदान ७० च्या खाली, जमेल तर ५५ च्या. मेटोप्रोलॉल आता नुसत्या बीपीसाठी राहिली नव्हती, ठोक्यांवर लक्ष ठेवून डोस वाढवला. जिभेखालची गोळी कायम जवळ, आणि ती आधी बसून मग घ्यायची हे करून दाखवलं, कारण बीपी पडून चक्कर येऊ शकते. शुगरची औषधं हृदयाला फायदा देणाऱ्या गटातली निवडली. रोज चालणं सुरू, त्रास होतो त्याच्या आतल्या वेगाने. आणि एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली, त्रास आरामात आला, कमी श्रमाला यायला लागला, किंवा गोळीनेही पाच मिनिटांत थांबला नाही, तर थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी.

तीन महिन्यांनी परत आल्या तेव्हा दोन मजले नेहमीच्या वेगाने चढून काही होत नव्हतं, फार घाई केली तर हलकंसं आवळतं असं म्हणाल्या. एलडीएल ६४. स्टेंटचा विचार बंद केलेला नाही, त्रास परत वाढला किंवा त्यांना जे करायचंय ते करता येईना झालं तर तो मार्ग मोकळाच आहे, पण आज तरी त्यांना नकोय, आणि मलाही तो निर्णय बरोबर वाटतो.

मुलीने जाताना विचारलं की आता दर वर्षी स्ट्रेस इको करायचा का. नाही. तब्येत स्थिर असेल, नवीन तक्रार नसेल, तर दर वर्षी ठरवून करण्याचा फायदा नाही, त्यापेक्षा एलडीएल, बीपी, शुगर आणि चालताना काय होतं हे नियमित बघणं उपयोगाचं. तक्रार बदलली तर मात्र टेस्ट परत करायची, आणि त्या वेळी प्रश्न वेगळा असेल, आजार आहे का हे आता माहीत आहे, औषधं असताना किती श्रमाला रक्त कमी पडतं हे बघायचं असेल. म्हणून तेव्हा मेटोप्रोलॉल बंद न करता चालू ठेवूनच टेस्ट करायची, आणि टेस्टच्या चिठ्ठीवर औषध चालू आहे, डोस किती, शेवटची गोळी कधी घेतली हे लिहून द्यायचं, तसं मी त्यांच्या फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.